एकाच दांड्याखाली

आमच्या घरात बारसं असो की वास्तुशांत, जेवणं उरकली की पोरं मला घेरतात. "काकू, ते भूतबंगल्याचं सांगा." मी थोडे आढेवेढे घेते, गोष्ट सांगणाऱ्याला तेवढा मान असतोच. मग सुरू करते. फक्त सुरू करण्याआधी ओसरीकडे एक नजर टाकते, माझे भाया तिथं बसलेले नाहीत ना, हे बघायला. भाया म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते बसलेले असतातच. मी तरीही सांगते, फक्त आवाज खाली आणून.

आयुष्यात मी दोनच भूतबंगले पाहिले. एक जत्रेतला, नवी नवरी असताना. दुसरा जालन्याच्या पार्कातला, पोरगी लग्नाला आली तेव्हा. शहाणी बाई पहिल्यात अडकल्यावर दुसऱ्यात पाय ठेवत नाही. मी ठेवला, एवढ्यावरून माझं शहाणपण समजून घ्या.

आता भायाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे धाकट्याच्या बायकोनं भायासमोर पदर पुढं ओढायचा, त्यांच्या वाटेत यायचं नाही, त्यांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. अगदीच बोलण्याची वेळ आली तर मधे काहीतरी धरायचं. सासूबाई असल्या तर सासूबाई, त्या नसल्या तर लेकरू, लेकरूही नसलं तर भिंत. "म्हणावं, ताट वाढलंय," असं मी चुलीला सांगायचे आणि पलीकडे भाया हात धुवायला उठायचे. त्यांच्याही बाजूनं रीत होती. घरात शिरताना ते खोकायचे आणि आत आल्यावर आमच्याकडे बघायचे नाहीत. म्हणजे मी पदरामुळे त्यांना बघितलं नाही आणि त्यांनी रीत म्हणून मला बघितलं नाही. एका घरात आमची अशी वर्षं गेली आणि आम्हाला त्यात काही कमी वाटलं नाही.

पहिला भूतबंगला शेजारच्या गावच्या जत्रेतला. मी लग्न होऊन केदारखेड्याला आले, त्या वर्षीची गोष्ट, म्हणजे ऐंशी सालानंतरच्या थोड्याच वर्षांतली. काळ्या ताडपत्रीचा लांबोडा तंबू. तोंडाशी पत्र्यावर राक्षसाचा जबडा रंगवलेला. पेंटरनं त्या राक्षसाला इतक्या झुपकेदार मिशा काढल्या होत्या की तो भयंकर कमी आणि मुलीकडचा मामा जास्त वाटत होता. त्या जबड्यातून आपण आपल्या पायांनी आत जायचं. आत अंधार, वळणं, वरून लोंबणाऱ्या ओल्या पोत्याच्या चिंध्या, दोरी ओढली की उभा राहणारा सांगाडा, आणि घोंगडं पांघरून अंगावर येणारा एक माणूस. त्याच्या घोंगड्याला बिडीचा वास होता. भूत माझ्या कानाशी ओरडलं आणि लगेच म्हणालं, "जल्दी चला, जल्दी चला, मागं लोक खोळंबले."

आमचे हे पुढं, मी मागं. एका वळणावर पोतं तोंडावर आलं, मी डोळे मिटले, उघडले तर पुढं कुणी नाही. हात लावीन तिथं ताडपत्री. मागून लोकांचा लोंढा. नवऱ्याला हाक मारावी तर नाव घ्यायचं नाही. जीव गेला तरी नाही. मग जी हाक आम्हाला ठाऊक, तीच मारली, "अवो!"

अंधारात चारी बाजूंनी "ओ" आली.

सगळ्यांच्या बायका त्यांना अवोच म्हणत होत्या ना. कुणी "काय गं?" म्हणालं, कुणी "हिकडं ये" म्हणालं. एक म्हातारा "आता काय सांडलं?" म्हणाला. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात हाताला एक बाही लागली आणि कापड ओळखीचं निघालं. त्या दिवाळीला सासऱ्यांनी भोकरदनहून रेघारेघांच्या जाडसर कापडाचा अख्खा तागा आणला होता. घरातल्या सगळ्या पुरुषांचे शर्ट त्यातलेच. उरलेल्या तुकड्यांचे उशांना अभ्रे. त्यावर डोकं ठेवून मी रोज झोपत होते, मला ते कापड कळणार नाही? मी बाही गच्च धरली आणि बाहेर येईपर्यंत तोंडाचा पट्टा सोडला.

"कुठं गेल्ता मला टाकून? नव्या बायकोला असं सोडतेत का? काही लाज? माझ्या बापाला सांगू का?"

बाहीवाला एक शब्द उलट बोलला नाही. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, नवरा गरीब मिळाला.

बाहेर उजेडात आलो. समोर आमचे हे उभे. हातात भज्यांचा पुडा. शेजारी थोरली जाऊ, आणि भोवती अर्धं केदारखेडा. मी बाहीकडे पाहिलं, बाहीवरून वर पाहिलं, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जाऊबाई हसल्या, जशा फक्त जाऊबाईच हसू शकतात. "काय गं बाई, आमचं कशाला धरून आणलं? तुझं हिकडं भजी खाऊन राह्यलं."

ते वाक्य मला पुढं कित्येक वर्षं पुरलं. हळदीकुंकवाला, पापड लाटताना, कुठंही. पण ते टोमणे सोपे होते. अवघड होतं ते भायांचं. त्या दिवसापासून त्यांचा खोकला लांबून यायला लागला. आधी दारातून यायचा, आता अंगणापलीकडच्या बाभळीपासून. मी समजून गेले. भावजयीनं भर जत्रेत बाही धरली, वर बापाचं नाव काढून बोलली. राग बसला आहे, तो आता जायचा नाही. मीही पदर चार बोटं आणखी पुढं ओढला.

मध्ये बरीच वर्षं गेली. सासरे गेले, कारभार भायांकडे आला. माझी पोरगी बारावी झाली, चांगली झाली. परभणीला शेतकीच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला. आणि त्याच महिन्यात भायांनी तिच्यासाठी स्थळ आणलं. नवीन जालन्यात अडतीचं दुकान, पक्कं बांधलेलं घर, पोरगा निर्व्यसनी. पोरगा वाईट असता तर काम सोपं होतं. हा चांगला निघाला, इथंच सगळं अडलं.

आमच्या ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, "दादा म्हणतील तसं." त्यांचं उभं आयुष्य या एका वाक्यात बसतं. पोरगी मोठ्या बाबांसमोर, म्हणजे भायांसमोर, दोनदा गेली आणि पाण्याचा तांब्या ठेवून परत आली. तोंड उघडण्याच्या बाबतीत माझ्यावरच गेलेली.

"आई, तू बोल ना मोठ्या बाबांशी."

"मी? त्यांच्याशी?"

"मग भिंतीशी बोल. पण बोल."

"भिंतीशी जेवायला वाढल्याचं बोलतेत. असलं न्हाई बोलत."

चार दिवस पोरगी परभणीचं नाव काढेना, हे मला जास्त लागलं.

मग घर पाहायला आम्ही सगळे जीप करून जालन्याला गेलो. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांकडची माणसं आमच्याकडे येणार आणि सुपारी फुटणार, असं ठरलेलं. सुपारी फुटली की शब्द गेला. आमच्यात दिलेला शब्द मागे घेत नाहीत. म्हणजे जे काही बोलायचं ते त्या दिवसात, आणि बोलणारं कुणीच नाही.

पाहुण्यांनी हौसेनं वागवलं. जेवणं झाल्यावर म्हणाले, "आलातच तर आपला पार्क बघून जा. नवीन निघालाय." जालन्याच्या बाहेर रस्त्याला लागूनच तो पार्क होता. पाण्याच्या घसरगुंड्या, लेकरांची आगगाडी, आणि पत्र्याच्या मोठ्या शेडमधे भुताची गुहा. "आत रुळावरून गाड्या जातेत," पाहुणे सांगत होते, "सगळं कंप्युटरवर. माणूस लागतच न्हाई." जसं काही शेड त्यांनीच बांधली होती. नको म्हणणं बरं दिसेना. मी ओळीत उभी राहिले. होणारे व्याही बरोबर, म्हणून पदर इतका पुढं की मला माझ्या चपलांशिवाय काही दिसत नव्हतं.

एका गाडीत दोघं. पोरीनं बापाला ओढून पुढची गाडी धरली. मागच्या गाडीत मी बसले. जाऊबाई माझ्या मागंच होत्या, त्या बसतील म्हणून सरकून जागा केली. शेजारी कुणीतरी बसलं. गाडीवाला म्हणाला, "हात आत घ्या," आणि वरून लोखंडी दांडा आला. खट्. दोघांच्या मांड्यांवर एकच दांडा. गाडी हलली.

आत गेल्यावर मला जत्रेतला तंबू आठवला आणि मी मनात दोन्हींची तुलना करायला लागले. तिथं आपण चालत होतो, इथं आपल्याला नेत होते. तिथलं भूत घामेजलेलं होतं, त्याला "भाऊ, बास कर" म्हणता आलं असतं आणि त्यानं केलंही असतं. इथल्या भुतांचे डोळे हिरवे पेटत होते, भिंतीतून मानेवर गार वारा सुटत होता, हसणं कुठल्याशा भोंग्यातून येत होतं. पण त्या भुतांना माणूस दिसत नव्हता. गाडी आली की उठायचं, गेली की बसायचं. भीती वाटली, पण तशी मिक्सरचं झाकण उडालं तरी वाटते. तंबूत निदान कुणीतरी माझी वाट बघत बिडी ओढत बसलं होतं.

हे सगळं मनात चाललं होतं आणि सगळं बंद पडलं. हिरवे डोळे विझले. हसणं मधेच तुटलं. गाडी थांबली. लाइट गेली होती. तेव्हा आमच्याकडे लाइट जायचीच, तिला कंप्युटरचं काय कौतुक?

लांबून आवाज आला, "कुणी उठू नका! जनरेटर चालू करून राह्यलोत!"

मग दुसरा आवाज, "चावी कुणाकडं हाय?"

"तो जेवायला गेल्ता."

"मंग आला का?"

"आला असता तर अंधारात उभा राह्यलो असतो का?"

पत्र्याची शेड तापलेली. दांडा पोटावर आवळलेला. मी म्हटलं, "अक्का, हा दांडा लईच रुतून राह्यला बघा."

शेजारून खोकला आला.

तो खोकला मी झोपेतही ओळखला असता. बाभळीपासून यायचा तो इतक्या वर्षांनी माझ्या कानाशी आला होता. झालं होतं असं, की जाऊबाईंच्या गुडघ्यांनी ऐनवेळी नकार दिला, त्या बाहेर राहिल्या, आणि गाडीवाल्यानं पुढच्या माणसाला बसवलं. मला पदरामुळे दिसलं नाही. आणि भायांनी, बायकांकडे बघायचं नाही या रीतीनं, शेजारी कोण आहे हे बघितलंच नव्हतं. आम्ही दोघं इतके रीतीचे पक्के की रीतीनंच आम्हाला एका दांड्याखाली आणून बसवलं.

मी दुसऱ्या कडेला सरकले. सरकायला जागा नव्हती. दांडा वर ढकलला, तो हलला नाही. एक गोष्ट मी पोरांना सांगत नाही, इथं सांगते. दांडा अडकला होता माझ्या पोटावर. भाया सडपातळ. त्यांच्या बाजूला चांगली फट राहिली होती, त्यांना अंग चोरून निघता आलं असतं. त्यांनी एक पाय वर घेतलाही. मग का कोण जाणे, परत खाली ठेवला.

घाम कानामागून ओघळत होता. हळूहळू डोळे सरावले. पत्र्याला एक भोक होतं आणि त्यातून उन्हाची एक काडी आत आली होती. ती पडली होती आमच्या समोरच, तारेवरून खाली येता येता मधेच अडकलेल्या हडळीवर. तिचे केस तोंडावर आलेले, अगदी पदर ओढल्यासारखे. एक हात आमच्याकडे.

भाया पुन्हा खोकले. मग हडळीला म्हणाले, "म्हणावं, घाबरू नका. येईल लाइट."

मी हडळीलाच म्हटलं, "म्हणावं, घाबरले न्हाई. गरम होऊन राह्यलं."

पदरानं तोंड पुसायला हात उचलला तर बांगड्या दांड्यावर वाजल्या. त्यावर ते म्हणाले, "म्हणावं, जत्रेतबी बांगड्याच वाजल्या होत्या. त्यावरूनच समजलं होतं नवी नवरी हाय म्हणून. बोलता येईना. बाही सोडवली असती तर तिथंच राह्यल्या असत्या."

इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर काटा आला, आणि तो हडळीमुळे नव्हता.

"म्हणावं, मंग एवढं ऐकून घेतलं ते?"

"म्हणावं, बोलणं बराबरच होतं. घरी आल्यावर मीबी त्याला तेच बोललो."

म्हणजे राग नव्हता. मग तो बाभळीपासूनचा खोकला? मी विचारलं नाही. पण माझं मलाच कळलं. मला लाज वाटू नये म्हणून ते लांबून खोकत होते, आणि मी तो राग समजून पदर वाढवत होते.

बाहेरून ओरडा आला, "चावी सापडली! सापडली चावी!"

इतका वेळ मी देवाला लाइट मागत होते. आता म्हटलं, देवा, ती चावी परत हरव. उजेड झाला की मी पुन्हा पदराआड, ते पुन्हा बाभळीशी, आणि उद्या सुपारी. हडळीच्या हाताकडे बघत मी बोलले. कसं बोलले मला माहीत नाही.

"म्हणावं, पोरीला शिकायचंय. परभणीला नंबर लागलाय. उद्या सुपारी फुटली की संपलं. घर चांगलं हाय, पोरगा चांगला हाय. पण पोरीच्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. म्हणावं, मी थोरल्यांच्या शब्दाबाहेर न्हाई. पण माझ्या लेकीसाठी मला हे एकदा सांगायचं होतं."

जनरेटर घरघरला आणि बंद पडला.

भाया म्हणाले, "म्हणावं, हे मला कुणी का न्हाई सांगितलं?"

"म्हणावं, थोरल्यांना कोण सांगणार?"

मग ते जे बोलले ते मला नव्हतंच, खरंच त्या हडळीला होतं. म्हणावं वगैरे काही नाही. "मी धाकट्याला इचारलं, पोरीचं काय म्हणणं हाय? तो म्हणला, दादा म्हणतील तसं. आईला इचारलं, आई म्हणली, तू म्हणशील तसं. बायकोला इचारलं तर ती म्हणली, मला काय इचारता. मंग मी कुणाला इचारू? मला वाटलं, सगळ्यांच्या मनात हेच हाय."

तेवढ्यात लाइट आली. भोंगा किंचाळला, हिरवे डोळे पेटले आणि अर्ध्यात लोंबणारी हडळ थेट आमच्या अंगावर आली. मी ओरडले आणि जे हाताला लागलं ते धरलं. गाडी गुहेबाहेर उन्हात आली तेव्हा समोर आमचे हे, पोरगी, पाहुणे, सगळे काळजीनं उभे. आणि माझ्या मुठीत भायांची बाही.

जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "परत? अगं, परत?"

पाहुण्यांच्या घरी चहा आला. मी आतल्या खोलीत दाराआड. पोरगी माझ्या शेजारी, तिला काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की भायांनी हो म्हटलेलं नाही. बशीत चहा ओतल्याचा आवाज आला. मग खोकला.

"पाहुणे, उद्याचं राहू द्या."

"का हो? आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काहीच न्हाई. पण शुभ कामाला निघालो आणि गाडी मधेच अडकली. माझं मन मागं ओढून राह्यलं. पोरीचा परभणीला नंबरबी लागलाय. तिला शिकू द्यावं म्हणतो. तुम्ही थांबणार असाल तर आनंद हाय. न्हाई थांबलात तर आमचा बिलकुल राग न्हाई."

पाहुणे बिचारे उलट तेच माफी मागायला लागले, जनरेटरची. आपण होऊन पार्कात नेलं नसतं तर, असं त्यांना वाटलं असावं. ते काही थांबले नाहीत. दिवाळीनंतर त्यांच्या पोराचं दुसरीकडे जमलं, आम्हाला पत्रिका आली, आम्ही जेवून आलो.

दाराआड पोरीनं माझा हात इतका दाबला की एक बांगडी फुटली.

परत येताना जीपमधे भाया पुढं, ड्रायव्हरशेजारी. भोकरदनचा रस्ता लागला तसे ते समोरच्या काचेला म्हणाले, "म्हणावं, परभणीला नेऊन कोण सोडणार?"

आमचे हे मागून म्हणाले, "दादा म्हणतील तसं."

भायांनी मान वळवली. माझ्यासमोर पहिल्यांदा ते ह्यांच्यावर ओरडले. "दादा काही म्हणत न्हाई! तुझी पोरगी हाय, तू सांग!"

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे. "मी नेतो," ते म्हणाले. मग स्वतःच दचकल्यासारखे खिडकीबाहेर बघायला लागले.

पोरगी शिकली. आता बियाण्यांच्या कामात आहे, तिच्या मनासारखं लग्न झालं, तिचं लेकरू आता माझ्याकडे भूतबंगल्याची गोष्ट मागतं. भायांशी मी अजूनही सरळ बोलत नाही. बोलायचं असलं की आम्ही मधे माठ धरतो, म्हैस धरतो, काहीच नसलं तर खांब. पण आता रोज बोलतो, आणि खोकला दारातून येतो.

परवाच वास्तुशांत होती. मी सगळी गोष्ट रंगवून सांगितली. दांडा आला, खट् झालं, दोघं अडकलो. एका पोरानं विचारलं, "काकू, पण तो दांडा अडकलाच कसा?" मी म्हटलं, "मशीन बिघडलं होतं रे."

ओसरीवरून खोकला आला. मग भाया खांबाला म्हणाले, "म्हणावं, मशीन चांगलं होतं. पोटाचं सांगायचं राह्यलं."